वाडीच्या गोदामातली ग्राफिक्स कार्डं

सेवेतली कितीतरी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत, पण वाडीच्या गोदामातली ती चोरी मी अजूनही बारकाव्यांसकट सांगू शकतो. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या आमच्या ठाण्यात तक्रारी यायच्या त्या ट्रकच्या डिझेलच्या, ताडपत्रीच्या, फार तर सिमेंटच्या पोत्यांच्या. त्या दिवशी धरमपेठेतल्या एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझी ग्राफिक्स कार्डं चोरीला गेली." ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं.

ताईंनी नीट समजावून सांगितलं. पूर्वी संगणकातली ही कार्डं पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी लागत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम त्यांच्यावर चालतं, त्यामुळे त्यातली चिप बनवणाऱ्या परदेशी कंपनीला सोन्याचे दिवस आले होते. दर तिमाहीला नफ्याचा नवा विक्रम, शेअर आभाळाला, आणि पुढच्या कित्येक महिन्यांचा माल बड्या गिऱ्हाइकांनी आधीच उचललेला. ताईंनी पुण्यातली नोकरी सोडून हिंगण्याला छोटी कंपनी काढली होती. एका रुग्णालयासाठी एक्स-रे तपासणारं यंत्र त्या बांधत होत्या. मुंबईहून आलेली खोकी वाडीच्या गोदामात मुक्कामी होती. दुसऱ्या दिवशी हिंगण्याला उघडली, तर आत फरशीचे तुकडे.

"दुसरी मागवा," मी म्हणालो.

"मिळत नाहीत हो साहेब. ठरल्या तारखेला यंत्र दिलं नाही तर काम जाईल, आणि कंपनीही बुडेल. माझ्या भरवशावर कंपनीतली इंजिनिअर पोरं चांगल्या नोकऱ्या सोडून नागपूरला परत आलीत."

रडारड नाही, आरडाओरडा नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि चोराचा मनापासून राग आला.

गुन्हा नोंदवून आधी ट्रकचालकाची चौकशी केली. ट्रक गोदामातून निघून थेट हिंगण्याला पोचला होता, वाटेत कुठेच थांबला नव्हता. मुंबईहून खोकी गोदामात उतरली, तेव्हा ताईंच्या माणसाने माल मोजून घेतला होता. म्हणजे अदलाबदल गोदामातच झाली. आमच्या पथकाने चोरीचा माल घेणारे सगळे जुने गडी हलवून पाहिले, पण एकही कार्ड बाजारात आलं नव्हतं. चोराला माल अंगावर नको असतो, तो मिळेल त्या भावात काढून मोकळा होतो. हा चोर मात्र माल दाबून स्वस्थ बसला होता.

त्याचं कारण गोदामासमोरच्या चहावाल्याने दिलं. तो माझा जुना खबरी. "साहेब, गोदामाचा सुपरवायझर रोज माह्या टपरीवर बसून मोबाइल पाहून राहिला. त्या चिपवाल्या कंपनीचा नफ्याचा निकाल कधी लागते, हेच विचारते साऱ्यायले. शेअर घेतले का गा म्हटलं, तं नाही म्हणे. मंग त्याले काय करा लागते निकालाचं?"

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. गडी थंड होता. "मले काही मालूम नाही साहेब," याच्या पुढे जाईना. दमदाटीने असली माणसं अधिक घट्ट होतात. मी चहा मागवला आणि गावाकडच्या गोष्टी काढल्या.

"घरी शेती आहे का गा?"

"हाय नं साहेब. काटोलकडं."

"कापूस विकला?"

"नाही. घरातच भरून हाय. भाव वाढन म्हणून ठेवला."

मी कप खाली ठेवला. घरात कापूस भरून भावाची वाट पाहणं ही आमच्याकडची जुनी रीत, मीही शेतकऱ्याच्याच घरातला. पण त्या साली भाव चांगला चढला होता आणि आता उतरणीला लागला होता. माझ्या धाकट्या भावाने केव्हाच विकून टाकला होता. शेतकऱ्याचं पोर उतरत्या भावात कापूस धरून बसतं, याचा अर्थ त्याला तो ढीग हलवायचाच नव्हता.

दोन पंच घेऊन आम्ही त्याचं गाव गाठलं. दारातच त्याची बायको म्हणाली, "साऱ्या गावानं इकला साहेब, आमच्याच घरी पडून हाय. लेकरायच्या अंगाले खाज सुटली, पण हे हात लावू देत नाही." खोली छतापर्यंत भरलेली. शिपाई शिंकत शिंकत कापूस उपसत राहिले, आणि तळाशी हवालदाराचा हात पुठ्ठ्याला लागला. सगळी कार्डं होती, प्रत्येक डबीवरचं कंपनीचं सीलसुद्धा न तुटलेलं. मी आनंदाने त्या हवालदाराच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कापसातच बसला.

पंचनाम्यानंतर सुपरवायझर खाली मान घालून म्हणाला, "निकाल लागला का कार्डायचा भाव डबल होईन, असं वाटलं साहेब." निकालापायी त्याने कार्डं अडकवली आणि कार्डांपायी चढ्या भावातला कापूस. मला हसू आवरलं नाही.

मुद्देमाल लवकर सुटावा म्हणून मी स्वतः कोर्टात खेटे घातले. आदेश झाला, कार्डं ताईंना मिळाली आणि यंत्र ठरल्या तारखेला रुग्णालयात लागलं. पुढे त्या परदेशी कंपनीचा निकाल आला, नफा पुन्हा विक्रमी. त्याच सुमारास ताईंना दुसऱ्या रुग्णालयाचं काम मिळालं. पेढे घेऊन त्या ठाण्यात आल्या, तेव्हा अंगावरच्या वर्दीचा मला फार अभिमान वाटला.

नव्या तऱ्हेचा गुन्हा आला की आमचे बरेच अधिकारी आधीच दबकतात. त्या कार्डांच्या आत काय चालतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ती चोरणारा काटोलकडचा शेतकऱ्याचा पोरगा होता, आणि तो मला पुरता कळत होता. तपासाला तेवढं पुरलं, आणि ताईंच्या भरवशावर घरी परतलेल्या त्या पोरांना पुन्हा नागपूर सोडावं लागलं नाही.