गोळीचा उपास

माझ्या बायकोला, सुमनला, फीट यायला लागल्या त्या वर्षी गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि निम्मी जनावरं चारा छावणीत होती. मी दूध सोसायटीचा सचिव. मोजकं बोलणारा माणूस. घरातलं हे दुखणं मी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, "उन्हानं चक्कर आली." सांगायचं राहिलेलं आज लिहून टाकतो.

बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक डायरी ठेवायला सांगितली. फीट कधी आली, किती वेळ राहिली, त्याआधी काय झालं होतं. लिहिणं तर माझं रोजचंच काम. दुधाच्या रजिस्टरासारखे रकाने आखले, तारीख-वेळ टाकली, कोणता हात आधी आखडला तेही नोंदवलं. तरी फीट थांबेनात. मग मी देवळात जाऊन विठोबाला बोललो, "भार तुझ्यावर टाकतो. हिला बरी कर, ही तुझ्या दोन्ही एकादशा धरील." नवस माझा आणि पोट तिचं. तिला विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही. पुन्हा फीट आली तेव्हा वाटलं, उपासच कमी पडतोय. आधी साबुदाणा बंद केला, मग पाणीही. ती एवढंच म्हणाली, "तुमी म्हणता तर तसं."

त्यातच थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. हळदीच्या मांडवात सुमनला बसू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. व्याह्यांसमोर काही झालं तर? हे मी तिला सांगितलं तेव्हा हळदीसाठी भरायला आणलेल्या हिरव्या बांगड्या तिनं डब्यात ठेवून दिल्या. त्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

डायरी दाखवायला आम्ही बीडला निघालो, ती एकादशीच होती. मांजरसुंब्याला जीप बदलायची म्हणून ढाब्याच्या सावलीत बसलो. मी मांडीवर डायरी उघडून फिटींच्या नोंदी तपासत होतो. शेजारी एक धिप्पाड, हसऱ्या तोंडाची बाई भाकरी-ठेचा खात होती. खाऊन झाल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. सुमन बघतच राहिली.

"माझीबी हीच हाय," ती हळूच म्हणाली.

"अगं बया! तूबी फीटवालीच का? मला तर लई वर्सं झाली. घेतलीस का आजची?"

"न्हाई. आज निर्जळी एकादस हाय. गोळी जेवल्यावर घ्यायची. जेवणच न्हाई तर गोळी कशी घेऊ?"

बाईची गोळी हातातच राहिली. मग ती अशी हसली की ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "गोळीचाबी उपास? पांडुरंगानं तसं सांगितलं का गं तुला? अन् भाऊ, तुमी एवढं वहीत लिवता, ही गोळी कावून घेत न्हाई, ते न्हाई का इचारलं?"

सुमनला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी. माझी नजर मात्र मांडीवरच्या डायरीकडं गेली. डायरीत माझ्या रजिस्टरासारख्या इंग्रजी तारखा होत्या, उपास होते तिथीवर. मी उठून ढाब्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर चाळायला लागलो.

"पाहुणे, मुहूर्त काढायले का?" ढाबेवाल्यानं विचारलं.

मी एकेक तारीख तिथीशी ताडून बघत होतो. नवसानंतरच्या बहुतेक फीट एकादशीला रात्री नाहीतर द्वादशीच्या पहाटे आल्या होत्या. वहीत सगळे रकाने होते, फक्त गोळीचा नव्हता. आणि दर फिटीनंतर मी उपास आणखी कडक करत गेलो होतो.

बाईनं उरलेली अर्धी भाकरी पुढं केली. सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी ती भाकरी घेतली, मोडली आणि माझ्या हातानं तिला दिली. ऐन एकादशीला, भर रस्त्यावर. तेवढ्यात केजची जीप लागली आणि बाई पिशवी सावरत चढली. जाता जाता ओरडली, "ताई, देवाला उपाशी ऱ्हायलेलं चालतंय का न्हाई ते तू त्यालाच इचार, पण गोळीला अजाबात चालत न्हाई!" तिचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं.

डॉक्टरांनी डायरी बघून औषध वाढवलं नाही. एकही गोळी चुकवू नका आणि निर्जळी उपास बंद, एवढंच सांगितलं. त्यानंतर एकदा तापात फीट आली, नाही असं नाही. पण आता ती दबा धरून बसल्यासारखी वाटत नाही.

मी परत देवळात गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण विठोबासमोर उभा राहिलो आणि हसूच यायला लागलं. भार तुझ्यावर टाकतो म्हणून मी सांगून आलो होतो आणि सगळा बायकोच्या पोटावर टाकला होता. आता रोज एवढंच मागतो की मला नीट बघता येऊ दे. पुढचं तो बघतो. एकादशीला सुमन देवाजवळ गोळी ठेवते, नमस्कार करते, शेंगदाण्याचा लाडू खाते आणि ती गोळी घेते.

हळदीच्या दिवशी मीच डबा उघडून हिरव्या बांगड्या तिच्यापुढं ठेवल्या. व्याह्यांना तिचं दुखणं सगळं सांगून टाकलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, "मग काय झालं? या हिकडं!" आणि हात धरून तिला फुगडीला ओढलं. सुमन अशी गरगर फिरली की तिच्या दोन बांगड्या वाढल्या. मांडवभर पसरलेले ते हिरवे तुकडे वेचताना माझे डोळे सारखे भरून येत होते. ती वरून ओरडत होती, "अहो, ऱ्हाऊ द्या की, अजून लई हायेत हातात!"