फोनात न मावलेला नवरामुलगा

जुन्या फोनवर नवा ब्राउझर बसवू नये, हे मला हुपरीच्या एका स्थळाने शिकवलं.

टचवाले फोन नुकतेच दिसू लागले होते. धाकट्या सुमीला बघायला पाहुणे चार वाजता येणार होते. बायोडाटा आधीच आलेला, पण फोटोची जागा मोकळी! मध्यस्थ म्हणाले, "फोटू नेटवर हाय."

सुमीने सकाळीच मला धरलं. "दादा, त्यो मला डोळं भरून बघणार. मग मी आधी त्याला का बघू नये? दाव की!"

"हात्तिच्या! ह्यात काय अवघड हाय?"

माझा फोन जुना, बटणांचा. त्यातल्या ब्राउझरला ती साईट झेपेना. नवा ब्राउझर उतरवला, तर फोन म्हणे, याच्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय! मोबाईल दुकानातल्या मित्राला गाठलं.

"फोनातली तारीख दोन वर्षं मागं घे. गप बसतंय."

घेतली. आणि खरंच बसला की हो! (मी घरभर कॉलर ताठ करून फिरलो.)

पण आता साईट उघडेना. 'सुरक्षित नाही' म्हणे! चार वाजत आले तरी मी दारापुढच्या कट्ट्यावर बसून बटणं बडवतोय, आणि मध्येच कुणाचा तरी फोन येऊन सगळं बंद पडतंय. तीनदा आला, तीनदा कापला.

"दिसला का?" खिडकीतून सुमी. अर्धी वेणी, हातात कंगवा. "निदान नाक तरी दाव!"

"थांब गं! कोन यडं सारखं फोन करतंय!"

तेवढ्यात समोर एक तरुण उभा राहिला. हातात टचचा फोन! "जरा पत्ता विचारायचा..."

"सांगतो की पावणं! आधी हे बघा. बहिणीला पोराचा फोटू बघायचाय. टक्कलबिक्कल असंल तर आत्ताच कळाय पायजे!"

त्याने फोन निरखला. "तारीख दोन वर्षं मागं हाय तुमची. ब्राउझर बसल्यावर परत पुढं आणायची असती." त्याने ती पुढे आणली. फोटो वरून खाली उतरू लागला. केस (भरपूर), कपाळ, नाक... मी फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे. खिडकीत कंगवा पडला.

"तीनदा फोन केला," तो हळूच म्हणाला. "घर सापडंना. मंडळी कोपऱ्यावर गाडीत हायत."

चहापोहे होईपर्यंत मी दाराआडच उभा. माझ्या आगाऊपणापायी पोरीचं स्थळ जाणार! पण मुलाने जाता जाताच होकार दिला. आबांनी सुमीला विचारलं, "तुझं काय, बाळ? पसंत हाय का?"

"व्हय," सुमी माझ्याकडे बघत म्हणाली. "घरात एकाला तरी फोनातलं कळाय पायजे की!"