एका मापाची सुमन

दुपारी टँकरच्या रांगेत उभी होते तेव्हा सुमनच्या लेकीचा, वैशालीचा फोन आला. ‘मावशी, आई गेली...’ एवढंच बोलली पोर आणि पुढं नुसते हुंदके. आता महिना होत आला, तरी मला ते खरं वाटत नाही. सुमन माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तीस वर्षं एकाच मापाचा ब्लाउज घालणारी, ऑफिसचे तीन जिने न थांबता चढणारी. आधी जायचा नंबर माझा होता, हे आमच्या ऑफिसात कुणीही सांगितलं असतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. मी औशाची, मास्तरांची लाडावलेली लेक. ती निलंग्याकडच्या खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून आईबरोबर खडी फोडायला गेलेली, मग पुन्हा शाळेत बसून शिकलेली. नवं ऑफिस म्हणजे दिवसभर खुर्ची, अकराला चहा, चारला भजी. दोन वर्षांत आम्ही सगळ्याजणी फुगलो, सुमन तेवढी नाही. पहिल्या पगारात तिनं बुद्धपौर्णिमेला विहारात जायला पांढरी साडी घेतली आणि त्यावर ब्लाउज शिवून घेतला. दरवर्षी पौर्णिमेच्या महिनाभर आधी तो घालून बघायची. जरा काचला तरी शिवण उसवू द्यायची नाही. ‘कापड कशाला वाढवायचं? आपणच जागेवर यायचं,’ म्हणायची. मग चहातली साखर बंद आणि घर ते ऑफिस पायी. महिन्याभरात ब्लाउज बसायचा.

मी सोमवारी उपास धरायचे आणि मंगळवारी फडशा पाडायचे. लिंबू-मध करून झालं, कोबीचं पाणी पिऊन झालं. चार किलो उतरायचे, पाच चढायचे. ती माझ्या रिकाम्या डब्याकडं बघून चिडायची. ‘उपाशी कशाला मरायलीस गं? मी लहानपणी लई उपाशी राहिले, त्यानं कुणाचं भलं होत न्हाई. दीड भाकरी खा, भाजी पोटभर खा, अन् ऊठ, चाल.’ तिची दीड भाकरी कधी चुकली नाही, तापातसुद्धा नाही. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो मी थट्टेत काढायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. घागरी वाहून वाहून गल्लीतल्या सगळ्या बाया रोडावल्या, एक मी सोडून. त्यामुळं सुमनचा चेहरा उतरलेला दिसला तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पौर्णिमेला नेहमीसारखी तिच्याबरोबर विहारात गेले. मी जायचे ती खिरीसाठी, हे तिलाही ठाऊक होतं. वंदना झाल्यावर तिनं मला हाताला धरून मागच्या भिंतीकडं नेलं. ब्लाउज उजवीकडून पिन लावून आत घेतलेला, डावीकडून अंगावर नुसता लोंबत होता. ‘एक पिन दे गं,’ म्हणाली. मी माझ्या बांगडीतली हिरव्या मण्याची पिन काढली आणि माझ्या हातानं लावली. ‘बया, पुन्हा लग्नाला उभी राहायलीस का काय?’ मी म्हटलं. ती हसली नाही. खीर वाटली तेव्हा तिची वाटी माझ्याकडं सरकवून म्हणाली, ‘तूच खा. मला भूकच लागंना गेलीय बघ...’ तर मी काय म्हणावं? ‘नशीबवान आहेस. थोडं नशीब मला दे.’ आणि दोन्ही वाट्या मी संपवल्या.

पंधरवड्यात ती दवाखान्यात होती. पोटात गाठ, आणि फार पसरलेली. वजन कधीपासून उतरतंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पुण्याहून धावत आलेली वैशाली माझ्याकडं बघायला लागली. तिचं काय चुकलं? रोज तिच्या आईसमोर बसून डबा खाणारी मीच होते. दीड भाकरीची एक झाली, एकीची अर्धी झाली, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि मी मनात म्हणत होते, हिला जमतं बाई. माझी मलाच शरम वाटते.

परवा वैशाली तो ब्लाउज मला देऊन गेली. डाव्या बाजूला माझी हिरव्या मण्याची पिन तशीच होती. उजवी बाजू खिडकीपाशी उजेडात धरली तर जुन्या सुती कापडात पिनेची बारीक भोकं दिसली. एक जोडी, तिच्या बोटभर आत दुसरी, आणखी आत तिसरी. वर्षातून एकदा अंगात घालायचा हा ब्लाउज... म्हणजे घरी एकटीच पुन्हा पुन्हा घालून बघत होती. माप बिघडलंय हे तिला कळलं होतं. त्या दिवशी भिंतीपाशी पिन मागायला माझ्यापुढं आलेला तिचा हात मला आता स्पष्ट आठवतो. तिच्या बांगडीत तीन पिना होत्या.