मामाच्या पंच्याची गाठ

जगात कॉपी करून पास झालेले पुष्कळ असतील, पण ऐंशी उलटल्यावर कॉपीला सुरुवात करणारा माणूस आमच्या दिग्गीतच काय, अख्ख्या जोयडा तालुक्यात माझा मामा एकटाच. शाळेची पायरी त्यानं कधी चढली नव्हती. परीक्षा घ्यायला घरी यायची ती नर्स. महिन्यातून एकदा यायची, रक्तदाब बघायची आणि मग मामाचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायची. वार कोणता, महिना कोणता, आणि तिनं सांगितलेल्या तीन वस्तू थोड्या वेळानं परत सांगायच्या. मामा नापास झाला तर त्याला रामनगरला आपल्या घरी न्यायचं, हे त्याच्या मुलानं ठरवून टाकलं होतं. मामाला मरणाचं भय नव्हतं, रामनगरचं होतं. "थितं झाड न्हाई, वळखीचं कुत्रं न्हाई. मी हितंच मरणार," म्हणायचा.

मी त्याची भाची, घर शेजारीच, त्यामुळे मास्तरकी माझ्याकडे. नर्स येणार त्या सकाळी मामा वार घोकत अंगणात फेऱ्या मारी. महिना विचारला की छाती काढून कधी "पेरणीचा", कधी "लावणीचा" म्हणे आणि वर तिलाच विचारी, "तुजी लावणी झाली काय गं, अक्का?" नर्स दर खेपेला त्याच तीन वस्तू सांगते, हे मी हेरलं. पुढची अक्कल मामाची. आठवण राहावी म्हणून आमच्याकडे बायका पदराला गाठ मारतात. मामानं पंच्याच्या टोकाला गाठ मारली आणि तिच्यात उत्तरंच बांधली: आंब्याची कोय, कोयत्याच्या मुठीची ढलपी आणि मिठाचा खडा.

श्रावणात घोटाळा झाला. त्या पावसात आमच्याकडे भिंतींना पाणी सुटतं, तिथं मिठाची काय कथा! मामानं हळूच गाठ चाचपली. "आंबा. कोयता. आन..." पुढं नुसती ओल. मामा घाबरला. मग ते ओलं बोट त्यानं जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मीठ!"

नर्स हसून हसून बेजार झाली. डोळे पुसत तिनं सहज विचारलं, "अज्जा, एवढं झकास शिकवलं कुणी?"

मामानं माझ्याकडं बघितलं. "ह्या बाई येत्यात की रोज. लई मायाळू हायत. कुणाच्या कोण, म्हाईत न्हाई."

ह्याच माणसाच्या खांद्यावर बसून मी उळवीची जत्रा बघितली होती. वार, महिना, मीठ, सगळं मी त्याच्याकडून घोकून घेतलं. माझं नाव कशाला घोकून घेणार होते? नर्सचं हसू थांबलं. मला तिच्याकडं बघवेना.

दसऱ्यानंतर मामेभाऊ त्याला घेऊन गेला. आता मी रामनगरला गेले की दारातच माझं नाव सांगते. मामा अदबीनं सरकून मला बसायला जागा करतो. "थांबा हां, बांधून ठेवतो," म्हणतो आणि पंच्याच्या टोकाला गाठ मारतो. नाव गाठीत कसं बांधायचं, ते त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही.