मेलेला वळू आणि चाळीस कालवडी

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत व्हर्लिन कुचेराइतका वळूंचा शौकीन दुसरा नव्हता. स्वतःचा वळू एकच, तोही लंगडा. पण वळूंच्या फोटोंची पुस्तकं जेवणाच्या टेबलावर, गाडीत, न्हाणीघरात. काळे कुळकुळीत अँगस जातीचे, पाठी फळीसारख्या सपाट. या वयात लोक नातवंडांचे फोटो दाखवतात; हा खिशातून वळू काढायचा.

गेल्या साली हा शौक अंगाशी आला. पहिल्यांदाच विणाऱ्या कालवडींना कृत्रिम रेतनासाठी त्यानं एका कोवळ्या, देखण्या वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या मागवल्या. पुस्तकातले आकडे सांगत होते, वासरं सुखानं जन्मतील आणि झपाट्यानं वाढतील. शेजारी बारीक टायपात भरवशाचा आकडा असतो. तो अगदीच कमी होता, कारण या वळूची वासरं अजून कुणी पाहिलीच नव्हती. सगळा अंदाज त्याच्या बापजाद्यांवरून. नवरा मुलगा न बघता त्याच्या आजोबांना बघून लग्न ठरवावं, तसं. व्हर्लिननं तो आकडा वाचला आणि पान उलटलं.

मार्चच्या बर्फात नऊ वासरं अडली. पायांना साखळी लावून तो आणि बायको डेलोरिस ओढत होते. दोघांचं वय मिळून एकशे एकतीस. तीन कालवडी गेल्या, व्हर्लिनचा उजवा खांदाही कामातून गेला. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं डेलोरिस लावायची.

मे महिन्यात कांड्या विकणारा ट्रॉय पुन्हा टेबलाशी येऊन बसला.

"व्हर्लिन, यंदाचा हिरो बघा. वजनं बघा नुसती!"

व्हर्लिनचे डोळे फोटोला चिकटले. डेलोरिस ताटल्या पुसत होती.

"घे की. रूपवान आहे," ती म्हणाली. "मार्चमध्ये ओढायला त्यालाच बोलव. मी थकले रे. पुढच्या वर्षी एक जरी वासरू ओढावं लागलं, तर गुरं विकायची. भांडत नाहीये, सांगतेय."

तिनं आवाज चढवला नव्हता. व्हर्लिनला भीती वाटली ती त्याचीच.

"ज्याची वासरं जगानं पाहिलीत असा कुणी आहे का?" त्यानं विचारलं.

ट्रॉयनं नाक मुरडलं. "आहे एक. वीस हजार वासरं नोंदलीत, सुखानं होतात. पण वजनाला कमी भरतात हो. आणि तो मरून सहा वर्षं झाली, गोठवलेल्या कांड्या तेवढ्या उरल्यात."

"बरंय," डेलोरिस म्हणाली, "आता बिघडायची भीती नाही."

त्याचा फोटोही धड नव्हता. मान खाली, शेपटीला शेण. व्हर्लिननं डाव्या हातानं सही केली.

गावातल्या कॉफीच्या दुकानात शेजारचा लोवेल वाटच बघत होता. "काय रे, मेलेल्याशी सोयरीक केलीस म्हणे? बाजारात तुझी वासरं शोधायला चष्मा लागेल!" व्हर्लिननं कॉफी संपवली. भांडायलाही अंगात जोर लागतो.

यंदाच्या चाळीसपैकी सव्वीस कालवडी त्या वळूपासून गाभण राहिल्या. उरलेल्या घरच्या लंगड्या वळूनं निभावल्या. मार्च आला. एकेक करत एकोणचाळीस साखळीविना मोकळ्या झाल्या. शेवटची दुपारी आडवी झाली. दोन खूर दिसले आणि थांबले. दोघं गाडीत बसून बघत होते. व्हर्लिननं साखळी उचलून दार उघडलं.

"थांब जरा," डेलोरिस म्हणाली.

दोघं थांबले. कालवड एकदा लांब कण्हली, आणि वासरू आपलं आपण बर्फावर घसरलं. आई त्याला चाटू लागली.

"विकायची नाहीत मग?" त्यानं विचारलं.

डेलोरिस खिडकीला डोकं टेकून झोपली होती. इंजिनाच्या आवाजानं जाग येईल म्हणून त्यानं गाडी सुरू केली नाही.