वाचणारा खुर्चीवर

शाळेतले किस्से जपून ठेवावे लागत नाहीत, डस्टरवरच्या खडूसारखे आपोआप साचतात. नेरजवळच्या एका छोट्या शाळेत मी तिसरीला शिकवते. यंदाचे किस्से एका म्हशीमुळे साचले, म्हणजे चित्रांच्या पुस्तकातल्या म्हशीमुळे. ती एसटीत बसून बाजाराला जाते, एवढीच गोष्ट.

वाचनाच्या तासाला माझा एकच नियम: वाचणारा खुर्चीवर, ऐकणारे सतरंजीवर. मॅडमसुद्धा सतरंजीवर. माझे गुडघे या नियमाच्या विरोधात आहेत.

*

पहिल्या दिवशी नुसतं मुखपृष्ठ दाखवलं. म्हटलं, "पुढे काय होईल, अंदाज सांगा."

रुखसाना म्हणाली, "मॅडम, अगोदर म्हैस कोनाची आहे थे सांगा."

"कोणाची का असेना!"

"मंग तिले शोधाले कोन येईन?"

तास मालक ठरवण्यात गेला. शेवटी म्हैस सरपंचांच्या नावावर झाली.

*

मग म्हशीला पत्र लिहायला सांगितलं. आमच्या मुलांना पत्राचा एकच नमुना पाठ आहे, रजेचा अर्ज. बावीस मुलं, बावीस अर्ज. "माननीय म्हैस मॅडम यांस, विषय: एसटीतून उतरण्याबाबत." शेवटी "आपला आज्ञाधारक विद्यार्थी". एकाने तर त्यावर वडिलांची सही आणली होती. वडिलांनी काही विचारलं नव्हतं.

*

म्हशीला पाहून कंडक्टर काय म्हणेल, ते चित्रातल्या बोलण्याच्या रिकाम्या फुग्यात लिहायचं होतं. रुखसानाचे अब्बा कंडक्टर आहेत. तिने लिहिलं, "मांगं सरका, मांगं जागा आहे."

"अगं, समोर म्हैस उभी आहे ना?"

"गर्दीत अब्बा कोनाच्या तोंडाकडे पाह्यतच नाही, मॅडम."

*

राहिली मीरा. ती बंजारा तांड्यावरून येते, घरी तिथली गोरबोली बोलते. जूनपासून वर्गात तिने एक शब्द उच्चारला नव्हता. तिची पाळी आली की खुर्चीवर बसायची, ओठ हलवायची, पानं उलटायची आणि बरोबर हसायच्या जागी हसायची. ती हसली की वर्ग हसायचा. तिला वाचता येतं याची मला खात्री होती. पण खात्री कागदावर दाखवता येत नाही.

एक दिवस केंद्रप्रमुख साहेब आले, वाचता न येणाऱ्या मुलांची यादी करायला. मीरा मनातल्या मनात वाचते, हे मी आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, "मला ऐकू आलं पाहिजे, मॅडम." आणि वर्गात एकच खुर्ची, तिच्यावर बसले.

"वाच, बेटा."

मीरा पुस्तक घेऊन खुर्चीशेजारी उभी राहिली. नुसतीच उभी. ओठही हलेनात. साहेबांनी वाट पाहिली, यादी मांडीवर घेतली, पेनचं टोपण काढलं.

"साहेब," मीरा म्हणाली.

आवाज बारीक होता, पण होता. एकवीस माना वळल्या.

"खुर्चीवरून उठा. ऐकनारे खाली बसतेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीवर होते, नियमाप्रमाणे. शेजारून रुखसाना म्हणाली, "मांगं या साहेब, मांगं जागा आहे."

साहेब उठले, मागे जाऊन मांडी घालून बसले. उठताना यादी खुर्चीवरच राहिली.

मीरा यादीवर बसली आणि तिने पहिलं पान उघडलं.