घोडीचे मागचे पाय

माझी आत्या एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायची. तरुणपणी ती समूहनृत्यात नाचली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा इस्त्री हातात घेतली आणि रंगमंचाला रामराम केला. निदान तिचा तरी तसा समज होता.

तिचा नवरा, म्हणजे माझे माजी आतोबा, त्याच कंपनीत नट होते. वेटर, हवालदार, 'साहेब, आपला फोन' म्हणणारा नोकर, असल्या भूमिका ते जीव ओतून करायचे. लग्न टिकलं तोवर आत्या त्यांना 'अहो' म्हणायची. घटस्फोट झाला आणि 'अरे'वर आली. तेही अगदी गरजेपुरतं, म्हणजे 'अरे, पॅंट काढून ठेव, धुवायचीय,' एवढंच.

मग कंपनीच्या दिग्दर्शकांना स्फुरण चढलं. एक जुना, तुफान चाललेला विनोदी सिनेमा होता. त्यात पाववाल्याची म्हातारी घोडी पाववाल्याचं आणि न्यायाधीशाच्या मुलीचं प्रेम जुळवते. लोकांना नायक-नायिका कोण होते ते धड आठवत नव्हतं, पण घोडीचं नाव काढलं की चेहरे खुलायचे. दिग्दर्शकांनी हक्क मिळवले, त्यात अकरा गाणी घातली आणि जाहीर केलं, "संगीत, विनोद आणि घोडी!"

तालमीला खरी घोडी आणली. तिने पहिल्याच दिवशी नेपथ्यातली खोटी बाग खाल्ली आणि तबलजीच्या शेजारी जे करायचं ते केलं. तबलजी म्हणाला, "ही राहणार असेल तर मी चाललो." त्यामुळे घोडी कापडाची शिवायचं ठरलं. आत दोन माणसं, एक पुढे, एक मागे. मागच्याने वाकून पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा. दोघांची उंची सारखी हवी, नाहीतर घोडी उतारावर उभी असल्यासारखी दिसते. अख्ख्या कंपनीत तशी जोडी एकच निघाली.

"मी? याच्या मागे?" आत्या म्हणाली. "अहो साहेब, याच्या मागे राहायचं नाही म्हणून तर कोर्टात गेले होते!"

"कलेसाठी," दिग्दर्शक म्हणाले.

"कला कसली, त्याच्या मागे वाकून बघा एकदा."

पण लोक कामाला लागले होते, नाटक रद्द झालं तर कपडेपटही बंद पडला असता. आत्या आत शिरली.

पहिला प्रयोग दुसऱ्या अंकापर्यंत ठीक चालला. तिथे नायकाचं मोठं प्रेमगीत होतं. नायकाचा गळा नाजूक आणि त्याबद्दलचा अभिमान दणकट. एक हात नायिकेच्या खांद्यावर, दुसरा घोडीच्या पाठीवर ठेवून तो डोळे मिटून गात होता. तेवढ्यात आतोबा अंधारात पुटपुटले, "तू अजून चुकीचाच पाय आधी टाकतेस. संसारातही हेच."

आत्या तिथेच खाली बसली.

पट्टा हातात तसाच होता, त्यामुळे आतोबा मागे खेचले गेले आणि घोडीचं तोंड थेट छताकडे गेलं. आधार निसटलेला नायक वरच्या सुरावर असताना घोडीच्या मांडीवर जाऊन पडला. प्रेक्षागृहात जो हशा उसळला, तो गाणं संपलं तरी थांबेना. सिनेमातली घोडी असलं काही करत नव्हती. लोकांना वाटलं, काय झकास सुधारणा केलीय!

आत्या घोडीतून घामाघूम बाहेर आली आणि म्हणाली, "माझा राजीनामा."

"राजीनामा कसला?" दिग्दर्शक नाचत होते. "उद्याही बसायचं!"

नायकाने थयथयाट केला, पण त्याचं कोण ऐकतंय. अडचण वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी आत्या ठरल्याप्रमाणे बसली, ती पाटावर बसावी तशी अलगद. कुणी हसलं नाही. दिग्दर्शकांनी आतोबांना बाजूला घेतलं. "हिला राग यायला हवा. तुम्हाला सराव आहे."

आतोबांनी ही भूमिका आयुष्यात सगळ्यात मनापासून केली. एका प्रयोगात आत्याचं बेसूर गाणं काढलं, दुसऱ्यात तिचं घोरणं, तिसऱ्यात तिचा भाऊ, म्हणजे माझे बाबा. त्या दिवशी घोडी इतक्या जोरात बसली की शेपूट निखळलं. नाटक हाउसफुल्ल जाऊ लागलं. पण कुठल्याही संसारात टोमणे असून असणार किती? हळूहळू साठा संपला. आतोबा जुनंच उगाळायला लागले, तर मागून आवाज यायचा, "हे झालंय. नवीन बोल."

एका दुपारच्या प्रयोगाला गाणं सुरू झालं आणि आतोबा काहीच बोलेनात. आत्या वाट बघत वाकून उभी. शेवटच्या कडव्याला ते म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होतो. परत येता आलं असतं मला. आलो नाही."

आत्या बसली नाही. पट्टा घट्ट धरून उभी राहिली. नायकाला इतक्या प्रयोगांत पहिल्यांदाच अख्खं गाणं गाता आलं. वरचा सूरही लागला. लोकांनी चुकचुकत टाळ्या वाजवल्या.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आले. "बसली का नाहीस?"

"राग आला नाही."

"तुम्ही काय बोललात हिला?" ते आतोबांवर उखडले.

"संवाद विसरलो," आतोबा म्हणाले.

"त्याला ओरडू नका," आत्या म्हणाली. "उद्यापासून मी बसते बरोबर."

आणि बसली. धाडकन, पहिल्या दिवशीसारखी. दिग्दर्शक खूश. "जमलं! कसं केलंस?"

"तुमचा चेहरा आठवला, साहेब."

पुढे पुष्कळ महिने नाटक चाललं. आत काय बोलणं व्हायचं ते आत्याने आम्हाला कधी धड सांगितलं नाही. पण बाहेर आल्यावर दोघं एका बाकावर बसून चहा प्यायला लागले, आणि घोडीचं मुंडकं शेजारी ठेवलेलं असायचं. शेवटी आतोबांच्या कमरेने मान टाकली. त्यांच्या जागी आत्या पुढे आली आणि मागे व्यायामशाळेत जाणारा एक नर्तक आला. तो इतका सुबक बसायचा की आत्याला कमरेला झटका देऊन त्याला पाडावं लागे.

घरात अर्थातच कुजबुज सुरू झाली. माझ्या आईने एकदा विचारलंच, "मग, पुन्हा लग्न?"

"वेड लागलंय का?" आत्या म्हणाली. "एका घोडीत राहिलो तेवढं बास."

तरी रविवारी आतोबा तिच्याकडे जेवायला येतात. मी परवा गेले तेव्हा ते दुखऱ्या कमरेला पट्टा लावून भांडी घासत होते, आणि आत्या खुर्चीत पाय पसरून कुठली बशी नीट निघाली नाही ते सांगत होती.